नव्या शैक्षणिक धोरणात शालेय ग्रंथपालाचे भवितव्य काय?

प्रश्न
अर्धवेळ ग्रंथपाल, नाशिकरोड

सप्रेम नमस्कार. मी नाशिकरोड परिसरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे. माझ्या भाचीने यंदा बी.ए. पूर्ण केले असून तिला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी घ्यायची आहे. तिचा ओढा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे नाही, शाळेच्या ग्रंथालयाकडे आहे. तिने मला सरळ विचारले, "मावशी, हे शिकल्यावर शाळेत जागा असेल का?" या प्रश्नाला ठाम उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून येथील अनुभवी मंडळींपुढे तो ठेवत आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मी शक्य तितक्या काळजीपूर्वक वाचले. शालेय व सार्वजनिक ग्रंथालयांचा मोठा विस्तार व्हावा, विशेषतः खेड्यांतील शालेय ग्रंथालये शाळेच्या वेळेनंतर गावासाठी खुली राहावीत, मुलांना आनंद देणारी पुस्तके सर्व भारतीय भाषांत उपलब्ध व्हावीत, डिजिटल ग्रंथालये उभी राहावीत, असे सारे त्यात आहे आणि ते वाचताना खरोखर उभारी येते. मात्र हे सारे करणार कोण, याचा शोध घेत गेले तेव्हा ग्रंथालय कर्मचाऱ्यांविषयीचे वाक्य मला शिक्षकांच्या प्रकरणात सापडले नाही. पुरेसे कर्मचारी हवेत, त्यांना बढतीच्या योग्य वाटा व सततचे प्रशिक्षण मिळावे, हे सांगणारे वाक्य एकविसाव्या प्रकरणात, म्हणजे प्रौढ शिक्षण व आजीवन शिक्षणाच्या प्रकरणात आहे. पाचव्या प्रकरणात शिक्षक व मुख्याध्यापक यांच्यासाठी दरवर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक प्रशिक्षणाची तरतूद आहे; तिथे आमचा उल्लेख नाही. या मांडणीचा अर्थ कसा लावावा, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न रोजच्या कामाचा आहे. संगणक हाताळता येतो म्हणून यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंद प्रणालीची) माहिती भरणे, शिष्यवृत्तीचे अर्ज, विद्यार्थ्यांच्या अपार ओळख क्रमांकाची कामे माझ्याकडे येतात. परीक्षांच्या हंगामात ग्रंथालयाची खोली उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांसाठी लागते आणि त्या काळात देवघेव बंद राहते. मुले दाराशी येऊन "बाई, आज पुस्तके मिळणार का?" असे विचारून परत जातात. माझी तक्रार कोणा व्यक्तीविरुद्ध नाही. मुख्याध्यापकांकडेही माणसे कमीच आहेत. पण शाळेच्या लेखी ग्रंथपाल म्हणजे कार्यालयातला आणखी एक हात, एवढाच अर्थ उरणार असेल, तर भाचीला या वाटेने येऊ द्यावे की आधी बी.एड. करायला सांगावे? कृपया मन राखण्यासाठी उत्तर देऊ नये.

उत्तर
निवृत्त मुख्याध्यापक, निफाड

ताई, आपण धोरणाचे वाचन अचूक केले आहे. त्या वाक्याचे स्थान योगायोगाने ठरले असेलही, पण त्यातून एक जुनी गोष्ट स्पष्ट होते. आपल्याकडे ग्रंथालयाकडे नेहमी सुविधा म्हणून पाहिले गेले. शिकवण्याचा भाग म्हणून ते कागदावर अनेकदा आले आणि प्रत्यक्षात क्वचितच आले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेत प्रशिक्षित ग्रंथपाल असावा आणि त्याचा दर्जा व वेतन शिक्षकांच्या बरोबरीचे असावे, असे सुचवले होते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आठवड्याला एक तास ग्रंथालयातील वाचनासाठी राखण्यास सांगितले. म्हणजे विचारांची कमतरता कधीच नव्हती.

कायद्यात काय आले ते मात्र वेगळे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. त्याच अनुसूचीत सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक द्यावेत, असेही आहे. ग्रंथपालाचा शब्द नाही. कपाट बंधनकारक झाले, कपाट उघडणारा माणूस झाला नाही. शाळा तपासणीच्या वेळी अधिकारी पुस्तकांची संख्या विचारत आणि मी ती सांगत असे. वर्षभरात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली, हे माझ्या सेवाकाळात मला एकाही तपासणीत विचारले गेले नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. महाराष्ट्रातील अनुदानित शाळांमध्ये ग्रंथपालाचे पद संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती पदे मंजूर हे ठरवणाऱ्या शासकीय प्रक्रियेत, टिकते की नाही, यावर सारे अवलंबून आहे आणि संच मान्यता पटावर चालते. शाळांतील शिक्षकेतर पदांचे निकष सुचवणाऱ्या चिपळूणकर समितीच्या काळापासून हजाराच्या वर पट असेल तर पूर्णवेळ आणि त्याखाली अर्धवेळ, या धर्तीवर हिशेब होत आला. नाशिक शहरातल्या मोठ्या शाळांना तो परवडला. निफाड, येवला, सिन्नरकडच्या मध्यम शाळांत इंग्रजी माध्यमाकडे ओघ सुरू झाल्यावर पट घसरला आणि निवृत्त झालेल्या ग्रंथपालाची जागा पुन्हा भरलीच गेली नाही. शिक्षकांची भरती शासनाच्या पवित्र या ऑनलाइन पोर्टलमार्फत अधूनमधून तरी होते. शिक्षकेतर पदांची वाट त्याहून बिकट आहे. डिसेंबर २०२० मध्ये अनुदानित शाळांतील शिपायांच्या पदांऐवजी शिपाई भत्ता देण्याचा निर्णय झाला, तेव्हा मी आमच्या ग्रंथपालांना सांगितले होते की हा निर्णय केवळ शिपायांपुरता समजू नका. एखादे पद कार्यालयीन सोय म्हणून ओळखले जाऊ लागले की त्याचा भत्ता होण्यास वेळ लागत नाही.

म्हणून माझे मत असे की धोरणात ग्रंथपालाला जागा आहे का, या प्रश्नापेक्षा त्याचे काम शैक्षणिक म्हणून नोंदले जाते का, हा प्रश्न निर्णायक आहे. वेळापत्रकात वर्गवार ग्रंथालय तासिका ग्रंथपालाच्या नावाने लावलेली असेल, तर त्या पदाचा बचाव करण्यासाठी मुख्याध्यापकाकडे काहीतरी असते. तासिका नसेल तर तो संचालकांपुढे कोणता कागद ठेवणार? मी स्वतः पाचवी ते आठवीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्याला एक तासिका लावून दिली होती आणि ती ग्रंथपालांच्याच स्वाक्षरीने चालत असे. त्यासाठी शासनाच्या परवानगीची गरज पडली नाही.

भाचीबद्दल एवढेच म्हणेन की केवळ अनुदानित शाळेतील जागेच्या भरवशावर हा अभ्यासक्रम निवडू नये. तिला खरोखर आवड असेल तर बी.एड. आणि ग्रंथालयशास्त्र अशा दोन्ही पदव्या तिच्या हाती असाव्यात. खर्च व वेळ दोन्ही वाढतील, पण दार एकच राहणार नाही.

उत्तर
ग्रंथपाल, सीबीएसई शाळा, इंदिरानगर

सरांचे म्हणणे अनुदानित शाळांपुरते मला पटते, पण चित्र त्याहून थोडे व्यापक आहे. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत ग्रंथालयाची खोली किमान १४ मीटर लांब व ८ मीटर रुंद असावी आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे पाच याप्रमाणे, परंतु सुरुवातीला किमान १५०० पुस्तके असावीत, अशा अटी आहेत. केंद्रीय विद्यालयांत ग्रंथपालाची भरती शिक्षकांच्या भरतीबरोबरच होते आणि देवळालीला किंवा नेहरूनगरला जाऊन पाहिलेत तर तेथील ग्रंथपाल वर्ग घेताना दिसतील. म्हणजे या देशात शालेय ग्रंथपालाला शिकवणारी व्यक्ती मानणारी व्यवस्था आजही चालू आहे; ती नव्याने शोधून काढायची नाही. खासगी शाळांतील वेतन मात्र शाळेगणिक फार बदलते आणि पुष्कळ ठिकाणी ते समाधानकारक नाही, हे भाचीला आधीच सांगावे.

आता आपण ज्या कामाविषयी बोलत आहोत त्याचे एक उदाहरण देते, कारण त्याशिवाय ही चर्चा पदे आणि पट यांतच अडकून राहील. आमच्या सहावीच्या मुलांना पांडवलेण्यांवर प्रकल्प करायचा होता. बहुतेकांनी घरून संकेतस्थळांवरचे छापील उतारे आणले आणि त्यांत ही लेणी पांडवांनी वनवासात कोरली असे लिहिलेले होते. मी ते चूक आहे असे म्हटले नाही. जिल्हा गॅझेटिअर, महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासावरचे एक पुस्तक आणि लेण्यांच्या नकाशाची प्रत टेबलावर ठेवली आणि त्यांना एवढेच सांगितले की लेणे कोणी कोरवले हे त्या लेण्यातच कुठे लिहिलेले आहे का ते शोधा. दोन तासिका गेल्या. एका गटाला तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, शिलालेख सापडला, दुसऱ्या गटाला दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या दानाची नोंद सापडली. मग एका मुलीने विचारले, "मॅडम, हे बौद्ध भिक्खूंसाठी दिलेले आहे, तर मग पांडवांचे नाव कसे पडले?" तो प्रश्न पाठ्यपुस्तकात नाही आणि त्याचे उत्तर शोधताना त्या मुलीला आधार, पुरावा आणि ऐकीव गोष्ट यांतला फरक कायमचा कळला.

नव्या धोरणाची भाषा चिकित्सक विचार, अनुभवातून शिक्षण, सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस, पाठांतरापेक्षा आकलन अशी आहे. यातले पुष्कळसे काम ग्रंथालयात सर्वांत नैसर्गिकपणे होते. भ्रमणध्वनीवर हवे ते उत्तर क्षणात मिळते, त्यामुळे ग्रंथपाल लागणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी उलट विचारते: मिळालेल्या दहा उत्तरांपैकी विश्वास कोणत्या उत्तरावर ठेवावा, हे मुलाला कोण शिकवणार? २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुले व किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली आणि त्याच घोषणेत पंचायत व प्रभाग पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालये उभारण्यास राज्यांना प्रोत्साहन देण्याची गोष्टही होती. डिजिटल साठा वाढेल तसे निवड करून देणाऱ्या माणसाचे काम वाढते, हे आम्ही रोज पाहतो.

ताईंना एक विनंती आहे. यू-डायसच्या कामातून पूर्ण सुटका होईल असे मी म्हणत नाही, पण निदान एका इयत्तेसाठी असा एखादा प्रकल्प विषयशिक्षकांना सोबत घेऊन करावा आणि त्याची लेखी टिपणे ठेवावीत. सरांनी ज्या कागदाचा उल्लेख केला, तो कागद अशा कामातूनच तयार होतो.

उत्तर
प्राथमिक शिक्षक, सुरगाणा तालुका

आपण सर्वजण शहरातील व माध्यमिक शाळांविषयी बोलत आहात, म्हणून डोंगराकडची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ग्रंथपालाचे पद कधी नव्हतेच. आमची शाळा दोनशिक्षकी आहे. समग्र शिक्षा अभियान २०१८-१९ मध्ये सुरू झाल्यापासून शाळेच्या प्रकारानुसार ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. आमच्यासारख्या प्राथमिक शाळेच्या वाट्याला त्यातली सर्वांत लहान रक्कम येते. त्यातून आणि इतर योजनांतून पुस्तके मिळतात, ती चांगलीही असतात. अडचण पुढे सुरू होते.

पुस्तके आली की जडसंग्रह नोंदवहीत त्यांची नोंद होते आणि ती शिक्षकाच्या नावावर चढतात. बदली झाली की प्रभार देताना एकेक पुस्तक मोजून द्यावे लागते आणि कमी भरले तर भरपाईचा प्रश्न उभा राहतो. या भीतीने अनेक शाळांत पुस्तके कपाटात राहतात व कपाटाला कुलूप राहते. मुलांनी वाचून वाचून फाडलेले पुस्तक हा शिक्षकाचा दोष ठरतो आणि दहा वर्षे कोरे राहिलेले पुस्तक ही त्याची कार्यक्षमता ठरते. झिजलेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाची, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करण्याची, सोपी पद्धत केंद्रप्रमुखांच्या (शेजारच्या शाळांच्या गटावरील अधिकाऱ्यांच्या) पातळीवर आली, तर एकही नवे पद न भरता शेकडो कपाटे उघडतील, असे मला मनापासून वाटते. आमच्या शाळेत आम्ही खिडकीला आडवी दोरी बांधून तिच्यावर पुस्तके उघडी टांगून ठेवतो. पहिलीची मुले मधल्या सुटीत दोरीखाली बसतात आणि चित्रे पाहत मोठ्याने गोष्ट रचतात, बहुतेक वेळा कोकणा बोलीत, कारण तीच त्यांच्या घरची भाषा आहे.

याच जागी मला प्रशिक्षित ग्रंथपालाची उणीव सर्वांत जास्त जाणवते. मातृभाषेतून शिक्षण हा धोरणाचा कणा आहे. कोकणा, वारली बोलणाऱ्या मुलांसाठी वाचनाचे साहित्य कुठे मिळेल, कोणते पुस्तक कोणत्या टप्प्यावर द्यावे, गावातल्या म्हाताऱ्यांकडच्या गोष्टी लिहून घेऊन मुलांपुढे कशा ठेवाव्यात, हे काम वर्ग सांभाळून, शालेय पोषण आहाराच्या नोंदी ठेवून दोन शिक्षकांना होत नाही. निपुण भारत मोहिमेने २०२६-२७ पर्यंत पायाभूत साक्षरतेचे उद्दिष्ट ठेवले आहे. वाचायला शिकलेल्या मुलापुढे वाचण्यासारखे काही नसेल, तर ते शिकलेले किती टिकेल?

माझी सूचना अशी की प्रत्येक केंद्रासाठी एक पूर्णवेळ, प्रशिक्षित ग्रंथपाल असावा, आणि त्याने आठवड्यातील एकेक दिवस एकेका शाळेला द्यावा. धोरणातील शाळा संकुलाची, म्हणजे जवळच्या शाळांनी साधने व माणसे वाटून वापरण्याची, कल्पना याला अनुकूल आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमातून शंभर पुस्तकांची पेटी वाचकांपर्यंत नेली, तेव्हा पुस्तके फिरती ठेवणे नाशिककरांना नवे नाही. पेटीबरोबर माणूसही यावा, एवढेच मागणे आहे.

उत्तर
माध्यमिक शिक्षक, सिडको

सर्वांचे म्हणणे आदरपूर्वक वाचले, तरी माझे मत वेगळे आहे. ग्रंथपालाचे पद वाचवण्याच्या नादात वाचनाची सारी जबाबदारी एका व्यक्तीवर टाकली जाते आणि बाकीचे शिक्षक मोकळे होतात. मराठीच्या शिक्षकाने वर्षभरात एकही अवांतर पुस्तक वर्गात वाचून दाखवले नाही तरी त्याला कोणी विचारत नाही. आहे त्या शिक्षकांनाच ग्रंथालयाचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण द्यावे, वर्गावर्गात वाचनकोपरे करावेत आणि स्वतंत्र पदावरचा खर्च पुस्तकांवर करावा. केंद्रासाठी एक ग्रंथपाल नेमला तर तो गावोगाव पेट्या पोचवत फिरेल आणि एकाही मुलाला नावाने ओळखणार नाही. शिवाय २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा पालकांना वाटलेली भीती आपण पाहिली आहे. संकुलाच्या नावाने जे एकत्र करण्यास सुरुवात होते, त्याचा शेवट शाळा बंद होण्यात होऊ नये.

उत्तर
निवृत्त मुख्याध्यापक, निफाड

आपली समूह शाळांविषयीची शंका रास्त आहे आणि मी त्यात आपल्यासोबत आहे. साधनांची वाटणी आणि शाळांचे विलीनीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळा संकुल सुचवले ते पहिल्या अर्थाने. सुरगाण्याच्या गुरुजींची मागणीही त्याच अर्थाची आहे, कारण त्यांच्याकडे आज जे पद शून्य आहे, ते एक पंचमांश झाले तरी मुलांचा लाभच आहे. मात्र हीच व्यवस्था शहरात आणून पाच शाळांची पाच पदे एकावर आणली, तर तिला माझा स्पष्ट विरोध राहील.

शिक्षकांनीच ग्रंथालय सांभाळावे, या मताचा मी बराच काळ अनुभव घेतला आहे. आमच्याकडे ग्रंथपालाची जागा रिक्त होती तेव्हा एका उत्साही शिक्षकाकडे ग्रंथालय दिले होते. त्यांनी ते मनापासून चालवले, पण दहावीचे जादा तास सुरू झाले की देवघेव थांबत असे, आणि त्यांची बदली संस्थेच्या दुसऱ्या शाखेत झाल्यावर कोणते पुस्तक कुठे आहे हे सांगणारे कोणी उरले नाही. वर्गीकरण, तालिका, दाखल नोंदवही ही नुसती कारकुनी नव्हे. ती नसेल तर पुस्तक शाळेत असूनही मागणाऱ्या मुलाला मिळत नाही. प्रत्येक शिक्षकाने वाचून दाखवावे हे आपले म्हणणे मी शंभर टक्के मान्य करतो. ते घडवून आणायला आणि शिक्षकाच्या हाती योग्य पुस्तक वेळेवर द्यायला कोणीतरी लागते.

उत्तर
पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, सातपूर

मला यातले नियम फारसे माहीत नाहीत, परंतु समितीच्या बैठकीत आम्ही स्वच्छतागृह, संरक्षक भिंत आणि सीसीटीव्ही यांवर बोलतो, ग्रंथालयावर कधीच बोललो नाही. शाळा विकास आराखडा तयार करताना पालक म्हणून आम्ही ग्रंथालय तासिकेची मागणी लेखी नोंदवू शकतो का? आणि शाळेची वेळ संपल्यावर दोन तास ग्रंथालय उघडे ठेवण्याची तरतूद धोरणात असेल, तर कारखान्यातून पाळी संपवून येणाऱ्या पालकांनाही त्याचा उपयोग होईल. आमच्या वस्तीतून टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयापर्यंत जाणे मुलांना रोज शक्य नसते.

उत्तर
निवृत्त मुख्याध्यापक, निफाड

अवश्य नोंदवू शकता. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा विकास आराखडा तयार करणे हे शाळा व्यवस्थापन समितीचेच काम आहे. ठराव करताना केवळ ग्रंथालय सुधारावे असे मोघम लिहू नका. कोणत्या इयत्तांना आठवड्यात किती तासिका, त्या कोण घेणार, शाळेनंतर खोली कोणत्या वारी व कोणाच्या देखरेखीखाली उघडी राहील, हे लिहा आणि इतिवृत्ताची प्रत गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर
अर्धवेळ ग्रंथपाल, नाशिकरोड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मी भाचीला ही सारी उत्तरे वाचून दाखवली. तिने मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याचे ठरवले आहे आणि त्यानंतर बी.एड.ची प्रवेश परीक्षा देण्याचेही. सुरगाण्याच्या गुरुजींची दोरीवरची पुस्तके वाचून तिने विचारले आहे की दिवाळीच्या सुटीआधी एखादा दिवस आपल्या शाळेत येऊन पुस्तकांची इयत्तावार मांडणी करून दिली तर चालेल का. गुरुजी, आपली हरकत नसेल तर कृपया कळवावे. बोलीतील गोष्टी लिहून घेण्याच्या कामातही तिला रस आहे.

माझ्यापुरते सांगायचे तर मी मुख्याध्यापकांना लेखी विनंती दिली आहे की सहावीच्या तीन तुकड्यांना प्रत्येकी एक ग्रंथालय तासिका माझ्या नावाने लावावी आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवण्यासाठी पर्यायी खोली पाहावी. पहिल्या मागणीस त्यांनी होकार दिला. दुसरीसाठी चित्रकलेच्या वर्गाचा विचार चालू आहे, पण त्यात चित्रकलेच्या सरांची अडचण होणार असल्याने मी आग्रह धरलेला नाही. इंदिरानगरच्या मॅडमना विनंती आहे की पांडवलेण्यांच्या प्रकल्पासाठी मुलांना दिलेल्या प्रश्नांची आणि वापरलेल्या पुस्तकांची यादी येथे द्यावी. आमच्या ग्रंथालयात गॅझेटिअरची जुनी प्रत आहे. इतिहासाच्या शिक्षिकांशी बोलणे झाले असून पहिली तासिका येत्या गुरुवारी आहे.